सूत ते पार्सेक : लांबीची मापं बदलताना कुठे घसरतं आणि कसं सावरायचं

सांगलीत आमचं पाइप-फिटिंगचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. शटर वर गेलं की दिवसभर कानावर पडतं ते असं : "चार सुती सळई द्या", "अडीच इंची पाइप किती मीटर?", "बोअर साडेतीनशे फुटांचं आहे, केबल काढा." रात्री गच्चीवर दुर्बीण लावली की भाषा बदलते आणि प्रकाशवर्षं सुरू होतात. लोक विचारतात, एवढ्या मोठ्या आकड्यांनी गरगरत नाही का? नाही गरगरत, कारण गल्ल्यावरचं गणित आणि गच्चीवरचं गणित एकच आहे. चुकाही त्याच. गुणाकार हल्ली कुणाचा चुकत नाही, तो मोबाइल करतो. घसरतं ते तीन ठिकाणी : गुणायचं की भागायचं, शून्यं किती, आणि मोजायला सुरुवात कुठून केली.

माझी भाची नववीत आहे. सुट्टीत तिला शिकवताना वहीत जे उतरलं, तेच इथे पायरीपायरीने देतोय. कागद आणि पेन घेऊन बसा, नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

पायरी १ : नाव आणि माप वेगळं करा

शेतीसाठी 'दोन इंची' म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप टेपने मोजून बघा. बाहेरून ६३ मिमी भरेल. दोन इंच म्हणजे तर ५०.८ मिमी. 'अडीच इंची' ७५ चा असतो, 'तीन इंची' ९० चा. सळईचंही तेच. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे चार सूत अर्धा इंच, १२.७ मिमी, पण चार सुती मागाल तर १२ मिमीचीच सळई मिळते. ही बाजारातली नावं आहेत. त्यांचं रूपांतर करायचं नसतं, ती पाठ करायची असतात. विहिरीचे परस आणि चालण्याचे कोसही असेच. परस माणसाच्या उंचीवर बेतलेला आणि कोस गावागणिक लांब-आखूड, म्हणून त्यांच्यापुढे दशांश चिन्ह लावू नका.

आकाशातही एक फसवं नाव आहे. प्रकाशवर्षात 'वर्ष' आहे, पण ते लांबीचं माप आहे, काळाचं नाही : प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो तेवढी लांबी. "तो तारा चार प्रकाशवर्षांपूर्वीचा" असं कुणी म्हणालं की समजावं, पहिल्याच पायरीवर पाय घसरलाय.

पायरी २ : पाच पूल लिहून ठेवा

दुनियेभरचे कोष्टक पाठ करायची गरज नाही. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहा :

१ इंच = २.५४ सेंमी
प्रकाशाचा वेग = सेकंदाला २,९९,७९२.४५८ किमी
१ खगोलीय एकक = १४,९५,९७,८७०.७ किमी
१ प्रकाशवर्ष = ९.४६०७ लाख कोटी किमी
१ पार्सेक (ताऱ्यांच्या अंतराचं माप, पायरी ८ मध्ये येईल) = ३.२६१६ प्रकाशवर्षं

पहिले तीन आकडे मोजून आलेले नाहीत, ठरवून टाकलेले आहेत, म्हणून त्यांच्यापुढे 'सुमारे' लावायचं नाही. इंच १९५९ मध्ये २.५४ सेंमीवर पक्का झाला. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून होते. आणि खगोलीय एकक, म्हणजे ढोबळमानाने पृथ्वी-सूर्य अंतर, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ मध्ये ठरावीक मीटरांना बांधून टाकलं.

बाकी सगळं यातूनच निघतं. बारा इंचांचा फूट, म्हणून ३०.४८ सेंमी. तीन फुटांचा वार, म्हणून ९१.४४ सेंमी. ५,२८० फुटांचा मैल, म्हणून १.६०९३४४ किमी. प्रत्येकाशेजारी एक तोंडी आकडाही लिहा : प्रकाश सेकंदाला तीन लाख किमी, सूर्य पंधरा कोटी किमीवर, प्रकाशवर्ष साडेनऊ लाख कोटी किमी. अडीअडचणीला हेच कामी येतात.

पायरी ३ : एकाने गुणा

गुणायचं की भागायचं हा प्रश्न डोक्यातून काढूनच टाकायचा, त्यासाठी ही युक्ती. ३०.४८ सेंमी आणि १ फूट हे एकच आहेत, म्हणून त्यांचा अपूर्णांक म्हणजे एक. एकाने गुणलं तर लांबी बदलत नाही, फक्त तिचा पोशाख बदलतो. अपूर्णांक असा ठेवायचा की नको असलेलं एकक वर आणि खाली येऊन कटेल.

पावसाळ्यात सांगलीत घरोघरी जो आकडा विचारला जातो तोच घेऊ. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट.

४५ फूट × (३०.४८ सेंमी ÷ १ फूट) = १,३७१.६ सेंमी

वरचा फूट खालच्या फुटाने कटला, सेंमी उरले. आता × (१ मीटर ÷ १०० सेंमी) = १३.७१६ मीटर. २०१९ च्या महापुरातले साडेसत्तावन्न फूट याच वाटेने १७.५ मीटर होतात. चुकून अपूर्णांक उलटा ठेवलात तर उत्तरात 'फूट वर्ग भागिले सेंमी' असलं काहीतरी भूत उभं राहील आणि चूक तिथेच दिसेल. म्हणून एककं लिहायचा कंटाळा करू नका. नुसते आकडे लिहिणाऱ्याला चूक कधीच दिसत नाही.

शेवटी डोळ्यांनी तपासा. माप मोठं झालं की आकडा लहान व्हायला हवा. मीटर फुटापेक्षा मोठा, म्हणून ४५ चे १३ झाले, ठीक. ४५ चे १४७ झाले असते तर अख्खी सांगली पाण्याखाली.

जाता जाता एक खड्डा दाखवतो. क्षेत्रफळ असेल तर हा अपूर्णांक दोनदा लावायचा, घनफळ असेल तर तीनदा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. त्याला एकदाच ०.३०४८ ने गुणून ३३२ चौरस मीटर सांगणारे मी पाहिलेत. खरं उत्तर १०१. जमिनीच्या व्यवहारात एवढा फरक भाऊबंदकी लावून देईल.

पायरी ४ : शून्य कुठे आहे?

याकडे सहसा कुणी बघत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे दोन आकडे एकाच दमात बोलले जातात : आयर्विनला इतके फूट, अलमट्टीला इतके मीटर. कृष्णेवरचंच, आपल्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेलं अलमट्टी धरण पूर्ण भरतं ५१९.६० मीटरला. ओट्यावरच्या गप्पांत एकाने आयर्विनच्या फुटांचे मीटर केले आणि अलमट्टीच्या आकड्यातून वजा करून "आपण पाचशे मीटर खाली आहोत" असं जाहीर केलं होतं. रूपांतर अचूक, उत्तर साफ चूक. अलमट्टीचे मीटर समुद्रसपाटीपासूनचे, आयर्विनचे फूट तिथल्या पट्टीच्या शून्यापासूनचे. एकक जुळवल्याने शून्य जुळत नाही.

दुकानातल्या स्टीलच्या टेपचं टोक बघा. तिथली वाकडी पट्टी किंचित मागेपुढे हलते. गिऱ्हाईक ती सैल आहे म्हणून टेप परत आणतं. ती मुद्दाम सैल ठेवलेली असते, आणि हलते ती स्वतःच्या जाडीएवढीच. कडेला अडकवून ओढलं की बाहेर सरकते, भिंतीला टेकवून दाबलं की आत जाते, आणि दोन्ही वेळी शून्य बरोबर जागेवर येतं. एका मिलिमीटरच्या शून्यासाठी टेप बनवणारा एवढा विचार करतो.

आकाशातही हेच विचारायचं. 'गुरू ५.२ खगोलीय एककांवर' म्हणजे सूर्यापासून. आपल्या गच्चीपासून तो कधी ४.२ वर असतो, कधी ६.२ वर.

पायरी ५ : शून्यं मोजा, आणि मिलियनला घाबरा

आता माझीच फजिती. एका शाळेत आकाशदर्शनाआधी बोलायला गेलो होतो. हातातल्या इंग्रजी तक्त्यावर सूर्याचं अंतर '१५० मिलियन किमी' होतं. मी फळ्यावर झोकात लिहिलं, 'दीडशे लाख किमी'. मागच्या बाकावरची मुलगी उठली. "सर, दीडशे लाखाला तीन लाखाने भागलं तर पन्नास येतात. पन्नास सेकंद. पुस्तकात तर प्रकाशाला आठ मिनिटं लागतात असं दिलंय." मी फळा पुसला. मिलियन म्हणजे लाख नव्हे, दहा लाख. दीडशे मिलियन म्हणजे दीड हजार लाख, पंधरा कोटी. त्याला तीन लाखाने भागा : पाचशे सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद.

तेव्हापासून मी शब्दांवर विश्वास ठेवत नाही, शून्यं मोजतो. लाखावर ५, मिलियनवर ६, कोटीवर ७, अब्जावर ९ (तोच बिलियन, आपले शंभर कोटी), ट्रिलियनवर १२. गुणताना शून्यांची बेरीज, भागताना वजाबाकी. लाख गुणिले कोटी म्हणजे ५ + ७ = १२, म्हणून ट्रिलियन म्हणजेच लाख कोटी. कोयनेच्या बातम्यांतला टीएमसी हाही हजार मिलियन घनफूट, म्हणजे एक अब्ज घनफूट.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मोठ्या उत्तरात मध्येच इंग्रजी 'ई' अक्षर दिसतं. ते 'एरर'चं नव्हे. '९.४६ ई १२' म्हणजे ९.४६ गुणिले दहाचा बारावा घात, आपल्या भाषेत ९.४६ लाख कोटी.

आपल्या जुन्या अंकगणितात कोटीच्या पुढेही नावं आहेत : अब्ज, खर्व, निखर्व करत अंत्य, मध्य आणि परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या हिशेबाने प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ अंत्य मीटर आणि पार्सेक म्हणजे तीन मध्य मीटर. व्यवहारात कुणी म्हणत नाही, पण आमच्या गच्चीवर भाची म्हणते.

पायरी ६ : एका उडीत जाऊ नका, शिडीने चढा

प्रकाशवर्षाचा आकडा पाठ न करता स्वतः काढून बघा. खगोलशास्त्रात वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरतात आणि दिवस ८६,४०० सेकंदांचा.

८६,४०० × ३६५.२५ = ३,१५,५७,६०० सेकंद
× २,९९,७९२.४५८ किमी = ९.४६०७ लाख कोटी किमी

तोंडी पडताळा घ्या : तीन लाख गुणिले सव्वातीन कोटीला थोडं कमी, म्हणजे ३ × ३.१५ = ९.४५, आणि लाख गुणिले कोटी लाख कोटी. इथे आपली लाख-कोटीची पद्धत किती सोयीची आहे बघा! वेग लाखांत, सेकंद कोटींत, उत्तर आपसूक लाख कोटींत.

आता प्रकाशवर्षात खगोलीय एककं किती? ९.४६०७ लाख कोटी ÷ १४.९५९८ कोटी. कोटीला कोटी कटला, उरलं ९.४६०७ लाख ÷ १४.९५९८, म्हणजे ६३,२४१.

हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. का, ते पुढे.

पायरी ७ : इंच आणि मैल, एक आयता नकाशा

मैलात इंच किती? ५,२८० × १२ = ६३,३६०.

पुन्हा बघा. प्रकाशवर्षात खगोलीय एककं ६३,२४१, मैलात इंच ६३,३६०. फरक हजारात दोनाचाही नाही. यात गूढ काही नाही, निव्वळ योगायोग आहे; इंग्रजांनी मैल ठरवताना ताऱ्यांचा विचार केला नव्हता. पण आपल्याला यातून फुकटात नकाशा मिळतो : पृथ्वी-सूर्य अंतर एक इंच धरलं की प्रकाशवर्ष जवळजवळ एक मैल. ताऱ्याचं अंतर जितकी प्रकाशवर्षं, तितके मैल, आणि १.६ ने गुणलं की किलोमीटर.

सांगलीत करून बघू. गणपती मंदिरासमोर बारीक रव्याचा एक कण ठेवा. तो सूर्य, पाव मिलिमीटरचा. एक इंचावर पृथ्वी, पण ती दिसणार नाही. तिचा व्यास दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग झाला. गुरू पाच इंचांवर, शनी साडेनऊ इंचांवर, नेपच्यून तीस इंचांवर. सूर्यमालेतले सगळे ग्रह अडीच फुटांत आटोपले. आता पुढचा तारा, प्रॉक्झिमा. ४.२५ प्रकाशवर्षं, म्हणून सव्वाचार मैल, ६.८ किमी. मिरजेच्या रस्त्याने निघा, विश्रामबाग ओलांडा, मिरज अजून यायची असते तिथे दुसरा रव्याचा कण, याहूनही बारीक. मधल्या वाटेत जवळजवळ काहीच नाही.

व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, म्हणजे जवळपास १४ किमी, मिरजेच्याही पुढे. अभिजित २५ वर, ४० किमी. रोहिणी ६५ वर, म्हणजे १०५ किमी, कराड ओलांडून साताऱ्याच्या वाटेवर. कृत्तिकांचा पुंजका ७०० किमीच्या वर. आकाशगंगेचं केंद्र साधारण २६,००० प्रकाशवर्षांवर, म्हणजे ४२,००० किमी, पृथ्वीला एक अख्खी प्रदक्षिणा. आणि देवयानी दीर्घिका, अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसते ती, २५ लाख मैलांवर. नकाशासुद्धा चंद्राच्या दहापट पुढे गेला. नऊ आणि दहा लाख कोटींमधला फरक कुणाच्या पोटात शिरत नाही, विश्रामबाग आणि मिरज यांच्यातला शिरतो, म्हणून मी मुलांना आधी हा नकाशा देतो आणि आकडे मग.

पायरी ८ : पार्सेक

पार्सेक हे अंतर असलं तरी ते कोनातून जन्मलं आहे. हात लांब करून अंगठा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूकडून त्या बाजूला जाते, तसा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांवर सरकतो. या सरकण्याच्या निम्म्याला पराशय म्हणतात. तो एक विकला भरला की तारा एक पार्सेकवर.

विकला किती लहान? अंशाच्या साठाव्या भागाचा साठावा भाग. वर्तुळात ३६० × ६० × ६० = १२,९६,००० विकला. त्यांना २π ने भागा : २,०६,२६५. एका पार्सेकमध्ये इतकी खगोलीय एककं, ती इथून आली. हाच आकडा नाण्याला लावू. दोन सेंमी व्यासाचं नाणं २,०६,२६५ पट दूर, म्हणजे ४.१ किमीवर धरलं तर ते एक विकला दिसेल. तुम्ही कृष्णेच्या घाटावर, नाणं धरणारा विश्रामबागेच्या आसपास. आणि एकाही ताऱ्याचा पराशय या नाण्याएवढासुद्धा भरत नाही. म्हणून तर १८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा पराशय मोजेपर्यंत ताऱ्याचं अंतर कुणाला धड सांगता आलं नव्हतं.

रूपांतर मात्र अगदी सोपं. एक भागिले पराशय, म्हणजे पार्सेक, त्याला ३.२६ ने गुणलं की प्रकाशवर्षं. व्याधाचा पराशय ०.३७९ विकला : १ ÷ ०.३७९ = २.६४ पार्सेक, × ३.२६ = ८.६ प्रकाशवर्षं. पराशय लहान तर अंतर मोठं, इथे पायरी ३ ची डोळ्यांची तपासणी उलटी लागते, तेवढं लक्षात असू द्या.

पायरी ९ : किती आकडे ठेवायचे

कॅल्क्युलेटर दहा आकडे देतो, त्यातले सगळे आपले नसतात. देवयानीचं अंतर '२५ लाख प्रकाशवर्षं' एवढंच माहीत असेल, तर त्याला ९.४६०७३०४७ ने गुणून आलेली शेपटी लिहिणं म्हणजे पावलांनी मोजलेल्या शेताच्या बांधाला मिलिमीटर लावणं. दिलेल्या आकड्यांत सर्वांत ढोबळ जो असेल, उत्तर त्याच्याइतकंच ढोबळ ठेवा. मधल्या पायऱ्यांत मात्र छाटू नका, छाटणी शेवटी एकदाच.

आता सगळ्या पायऱ्या एकत्र. भाचीने विचारलेला प्रश्न आहे : आजीची नऊवारी एकापुढे एक पसरली तर चंद्रापर्यंत किती लागतील?

९ वार × (०.९१४४ मीटर ÷ १ वार) = ८.२२९६ मीटर. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किमी, म्हणजे ३८,४४,००,००० मीटर. भागाकार ४.६७ कोटी लुगडी.

मी वही मिटणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, हे अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंतचं ना? आजी तर गच्चीवरून सुरू करणार." बरोबर होतं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी आणि चंद्राची १,७३७, मिळून ८,१०८ किमी वजा. पावणेदहा लाखांच्या वर लुगडी वाचली, उरली ४.५७ कोटी. शिवाय चंद्र कधी ३ लाख ६३ हजार किमीवर येतो, कधी ४ लाख ५ हजारांवर जातो, म्हणून उत्तर सव्वाचार ते पावणेपाच कोटींच्या आसपास हेलकावे खाणार. तेव्हा वहीत लिहिलं : 'साडेचार कोटी'.

आई शेजारी शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "सुती असतील तर दोन-चार जास्तच धरा. पहिल्या धुण्यात आटतात."